दिसलं तेवढंच

बाबा, तुम्ही होडी हाकणारे तांडेल होतात आणि मी नवजात बाळांची डॉक्टर झाले. तरी काल पालघरच्या इस्पितळात मी तुमचंच काम करत होते.

एकदा आपल्या गावची एक होडी परतली नव्हती. तिच्यावरच्या माणसांच्या बायका किनाऱ्यावर बसून होत्या. अशी बातमी शोधून आलेल्या तांडेलानेच सांगायची, तीही वाळूत बसून, उभ्याने नाही, ही गावाची रीत. तुम्ही शोधून परतून पाण्यातून चालत येत होतात, तेवढ्यात मी एका काकीला बिलगून म्हणाले, "येतील काका." ते तुम्ही ऐकलंत. "तू जाऊन आलीस काय दर्यात? दिसलं तेवढंच सांगायचं. जास्त नाय, कमीपण नाय." मग काकीसमोर बसलात. "वहिनी, होडी दिसली नाय. जाळं तरंगताना दिसलं. उजाडलं की परत जातो आमी." काका आले नाहीत. पण त्यानंतर काही विचारायचं असलं की काकी तुमच्याकडेच येत.

काल बोईसरच्या एका कामगाराची बायको सहाव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा माझ्या तळहातात मावेल एवढा. मोठे डॉक्टर दारातूनच "प्रयत्न चालू आहेत" म्हणून गेले. आजीला वाटलं, संपलं. सुनेला म्हणाली, "तोंड बघू नगंस त्येचं, माया लागंल."

मी खाटेजवळ फरशीवर बसले. नवरा गडबडला. "अवो डॉक्टरीणबाई, खुर्ची देतो की!"

"राहू द्या."

"जगंल का?" बाळंतिणीने विचारलं.

"माहीत नाही. एवढी लहान बाळं बहुतेक वाचत नाहीत. हा मधेच श्वास घ्यायचा थांबतो, पायाच्या तळव्याला टिचकी मारली की पुन्हा घेतो. दुपारपासून असंच चाललंय. पुढे जे दिसेल ते मी येऊन सांगेन, वाईट असलं तरी."

ती म्हणाली, "टिचकी मला मारता यील?"

"येईल. हात धुऊन या."

"आता काय ऐकतीय ही!" आजी म्हणाली, आणि तिला उठवायला स्वतःच हात दिला.

आत्ता ती उबेच्या पेटीशी बसली आहे, बोट त्याच्या तळव्याला लावून. तो श्वास घेतोय. त्यापुढचं मला काही दिसत नाही, आणि तेवढंच मी तिला सांगितलं आहे.

आता तुम्ही नाही, हे पत्र कुठे टाकणार? तरी एक सांगायचं राहिलंच. आज सकाळी ती हात धुवायला गेली, तेव्हा मी पेटीवर वाकून त्याला हळूच म्हणाले, "येशील रे."

दर्यात न जाताच, बाबा.