न सांगता पड

महबूला, कुवेत

ती. अण्णांना तुमच्या जावयाचा, नचिकेतचा नमस्कार.

मुक्ताला हिमनदीवर जाऊ देऊ नका, असं तुम्ही फोनवर रडत सांगितलंत. तिचा दादा बर्फाच्या भेगेत गेला, म्हणून तुमची भीती मला कळते. शुक्रवारी सकाळी तिला अडवायलाच वाळवंटातल्या अल-मुतला टेकडीवर गेलो. तिथे वाळूच्या उतारावर तिचा गिर्यारोहण क्लब भेगेत पडलेल्याला दोरीनं वाचवण्याचा सराव घेतो. शिकवणारे सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट शिकवतात.

"वजनदार माणूस हवाच होता," म्हणत मुक्तानं मला दोरीला बांधलं. 'पडतोय' असं मी ओरडून सांगितलं आणि कडेवरून घसरलो. दोरी ताणली, मी थांबलो. वर ती पालथी पडून, बर्फाची कुऱ्हाड वाळूत रोवून मला धरून होती. मग कप्प्या लावून तिनं एकटीनं मला वर ओढलं. तिचे तळहात सोलले होते.

"पुन्हा," ती म्हणाली. "या वेळी न सांगता पड. दादा कुठे सांगून पडला होता?"

मी न सांगता पडलो. तिनं धरलं.

अण्णा, तिला अडवणं मला जमणार नाही. त्या दिवशी दादाच्या दोरीला मुक्ता असती तर तो वाचला असता, हेच मनात येत राहिलं. हे तुम्हाला सोसणार नाही, म्हणूनच हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही.

तुमचा,
नचिकेत