शेवटचा कर्ण

वसतिगृह,
ता. ८ जानेवारी

ती. बाईंना सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे मी गणितात सपशेल तोंडघशी पडले आहे. बाबांचं आणि तुमचं लग्न होऊन वर्ष होत आलं, तरी मी तुम्हाला बाईच म्हणते. शाळेत तुम्ही आम्हाला भूमिती शिकवलीत, जिभेला तेच वळण पडलंय. राग मानू नका. इथे फोन काढून घेतात, आणि फोनवर आकृती तरी कुठे काढता येते?

आमच्या प्रवेशपरीक्षेत डेटा सफिशियन्सी नावाचा एक छळ असतो. एक प्रश्न देतात, खाली दोन विधानं देतात आणि उत्तर काढायचंच नसतं. उत्तर काढण्याइतकी माहिती आहे का, एवढंच सांगायचं. एकट्या पहिल्या विधानाने भागतं, एकट्या दुसऱ्याने भागतं, दोन्ही मिळून भागतं, की दोन्ही मिळूनही भागत नाही. माझं घोडं पेंड खातं ते चौकोनांपाशी. हा पाहा: चौकोन अबकड मध्ये कोन ड किती? विधान एक: कोन अ आणि कोन क मिळून १८० अंश. विधान दोन: कोन ब ७० अंश. मी लिहिलं की पहिलं एकटंच पुरेसं आहे. ब आणि ड आकृतीत अगदी जुळ्यांसारखे दिसत होते, म्हणून दोघांना नव्वद-नव्वद वाटून मी मोकळी झाले. सरांनी पानभर लाल रेघ ओढली आणि वर्गाला सांगितलं की या मुलीला नवा चष्मा हवा. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे हे त्यांना कुठे ठाऊक!

बाबा जेवणाच्या वेळा सांभाळतात ना? मी बरी आहे. माझं कुठे चुकतं तेवढं कळवा. लोभ असेलच, असं धरून चालते.

आपली,
ठकी


ता. १५ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा गणितासाठी आणि एकदा तू आपणहून लिहिलंस म्हणून.

आकृतीचं तोंड बघून भुललीस. चौकोनाचे चार कोन मिळून ३६०. त्यातले १८० अ आणि क घेऊन गेले, तेव्हा ब आणि ड यांना मिळून १८० उरले. पण त्यातले ब किती खातो ते कळेपर्यंत ड च्या ताटात काय पडलं ते सांगता येत नाही. नुसत्या दुसऱ्या विधानाने तर काहीच होत नाही. दोन्ही एकत्र आली की ड ११० अंशांचा, आणि प्रश्न संपला. शाळेत घसा फोडून सांगायची तेच पुन्हा सांगते: काय दिलंय ते एकीकडे लिहायचं आणि आपल्याला काय वाटतंय ते दुसरीकडे. दोन्हींची खिचडी झाली की मार्क गेले.

बाबा मजेत आहेत. जेवतात वेळेवर, बोलतात अवेळी.

एक विचारू का? आपल्या इमारतीत आणखी कुणाकडे शिवणयंत्र आहे का? दिवेलागणीला मी वह्या तपासायला बसते तेव्हा मागच्या खोलीतून कुणीतरी शिवत असल्याचा आवाज येतो. आधी वाटलं वरच्या मजल्यावर असेल. वर जाऊन आले, तिथे मशीन नाही. तुझ्या आईचं पायमशीन मागच्या खोलीत आहे, पण त्याचा पट्टा काढून ठेवलेला आहे, तेव्हा त्याचं चाक फिरायचा प्रश्नच नाही. मी भित्री नाही, पण परवा वह्या घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले. वेडगळ वाटलं तर हसून सोडून दे.

अभ्यास कर. अधूनमधून अशीच चुकत जा, म्हणजे पत्रं येतील.

तुझी,
बाई


ता. २१ जानेवारी

बाईंना नमस्कार.

इमारतीत दुसरं मशीन नाही. कधीच नव्हतं.

आई गेल्यावर दोन वर्षं मी रोज दिवेलागणीला त्या खोलीत बसत होते. दार लावून, दिवा न लावता. बाबांना वाटायचं मी अभ्यास करते. मी कान देऊन बसायचे. एक टाका, नुसता एक टाका ऐकू यावा म्हणून काय काय बोलले असेन त्या मशीनशी! काही ऐकू आलं नाही. आणि आता तुम्हाला येतं? तुम्ही तिला कधी पाहिलंसुद्धा नाहीत. पालकसभेला नेहमी बाबाच यायचे. माझी आई तुमच्याकडे का म्हणून येईल?

तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. तुम्ही खोटं बोलत असतात तर बरं झालं असतं. मला तुमचा हेवा वाटतो आणि संतापही येतो, यात आधी काय आणि मग काय ते सांगता येत नाही.

खरंच ऐकू येत असेल तर जे ऐकू येतं तेवढंच लिहा. तुम्हाला काय वाटतं ते नको. तुमचाच नियम आहे.

ठकी


ता. २७ जानेवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

तू बाईंना काय लिहिलंस ते मी विचारलं नाही. पत्र आल्यापासून संध्याकाळ झाली की त्या कागद-पेन्सिल घेऊन मागच्या खोलीच्या दारात बसतात. मीही एक दिवस बसलो. वरच्यांचा नळ गळतो, तेवढं ऐकू आलं. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या की दिवसभर लोकांच्या डोळ्यांना नंबर लावता, घरातलं मात्र तुम्हाला काही दिसत नाही. वर हसल्याही, पण डोळ्यांखाली काळं पडलंय त्यांच्या.

या घरात मला पुन्हा कुणाला गमवायचं नाही. चौकातल्या शिंप्याला मशीन विचारलंय. फेब्रुवारीअखेरीला येऊन घेऊन जाणार आहे. तुझ्या आईची वस्तू आहे, तुझी परवानगी हवी. नाही म्हणू नकोस.

खर्चाला लागले तर कळव. तब्येतीला जप.

तुझे,
बाबा


ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या रागाचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते तू अंधारात बसायचीस त्याचं. तेव्हा तू माझ्या वर्गात होतीस, रोज समोर बसत होतीस आणि मला काही कळलं नाही.

तू म्हणालीस तसं, जे ऐकू येतं तेवढंच लिहिते. मशीन थोडं चालतं आणि थांबतं. कापड फिरवल्यासारखा जरासा सरसर आवाज होतो. पुन्हा तेवढंच चालतं, थांबतं, सरसर होतं. असं चार वेळा, चारही तुकडे सारख्या लांबीचे. मग एकदा जरा जास्त वेळ चालतं. मग पुन्हा आखूड, पहिल्या चारांएवढं. मग थांबतं. मग खुर्ची मागे सरकते. त्यापुढे काही नाही. रोज एवढंच, आणि रोज तिथेच थांबतं.

हे झालं ऐकलेलं. आता वाटतं ते, वेगळ्या रकान्यात. चार सारखे तुकडे आणि प्रत्येकानंतर वळण म्हणजे चारही बाजू समान असलेला चौकोन. लांबचा तुकडा म्हणजे कर्ण. पण त्याचे कोन काटकोन आहेत का? चार बाजू सारख्या असूनही चौकोन एका अंगाला कलंडलेला असू शकतो, हे तुला मी सांगायला नको. दुसरा कर्ण ऐकू आला असता आणि तो पहिल्याएवढाच निघाला असता, तर डोळे मिटून सांगितलं असतं की चौरस आहे. तो येतच नाही. आणि कर्णानंतर तो आखूड तुकडा कशाला, ते तर माझ्या डोक्यावरून जातं. मला सुईत दोराही धड ओवता येत नाही. कागदावर कितीतरी आकृत्या काढल्या, हात टेकले.

भीती वाटते का असं विचारशील. वाटते. पण आता ती शिवणारी थांबली की जास्त वाटते.

आपल्या दोघींत हे आलं म्हणून माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
बाई


ता. ९ फेब्रुवारी

ती. बाईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मेसमध्ये उघडलं आणि ताट तसंच टाकून वर आले.

तो चौरसच आहे. दप्तराचा बंद जिथे दप्तराला जोडतात तिथे आई तसं शिवायची, म्हणजे ओझ्याने उसवत नाही. आधी चार बाजू. मग एक कर्ण. मग सुई कापडातून न काढता दुसऱ्या कर्णाच्या टोकाशी पोचायचं असतं, म्हणून कडेची एक बाजू परत शिवायची. तोच तुमचा आखूड तुकडा. आणि मग दुसरा कर्ण, म्हणजे फुली पुरी होते.

माझ्या दप्तराला दोन बंद आहेत. एकावर फुली पुरी आहे. दुसरा ती शिवत होती तेव्हा मी शेजारी बंद ताणून धरून बसले होते. चार बाजू झाल्या, एक कर्ण झाला, कडेची बाजू परत झाली आणि ती म्हणाली की पाठीत काहीतरी भरून आलंय, जरा पडते, राहिलेलं उद्या. खुर्ची मागे सारून उठली. तो उद्या कसा गेला ते बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल. अर्ध्या फुलीचं मात्र बाबांनाही माहीत नाही. दप्तर तेव्हापासून माझ्याजवळच आहे, आत्ताही खाटेखाली आहे. त्या बंदावर मी कधी ओझं टाकलं नाही आणि कुणाला टाकाही घालू दिला नाही.

म्हणजे ती आईच आहे, बाई. तुम्हाला ऐकू येतं पण ओळखता येत नाही, मला ओळखता येतं पण ऐकू येत नाही. एकटीला दोघींपैकी कुणालाच कळलं नसतं.

मी शनिवारी येते. बाबांना सांगा, तोवर शिंप्याला आणू नका. एकदा, फक्त एकदा मला ऐकायचं आहे. तुमच्याशेजारी बसले तर येईल का ऐकू? येईल ना?

तुमची,
ठकी


वसतिगृह,
ता. १९ फेब्रुवारी

ती. बाईंना सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेला डबा खोलीतल्या मुलींनी माझ्याआधीच फस्त केला आणि तुमच्या हाताचं कौतुक मला ऐकवलं. बाबा स्टँडवर सोडायला आले आणि बस हलेपर्यंत माझ्या चष्म्याच्या काड्याच नीट करत बसले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पुढच्या वेळी बोलतील.

रविवारी निघताना मी तुमच्याशी काही बोलले नाही, ते आता लिहिते. समोरासमोर जमलं नसतं.

शनिवारी दिवेलागणीला आपण मागच्या खोलीत जमिनीवर बसलो. समोर मशीन, पट्ट्यावाचून. मी इतका कान दिला की माझंच रक्त मला ऐकू यायला लागलं. वरच्यांचा नळ ऐकला, जिन्यात कुणाच्या तरी चपला ऐकल्या. आई नाही ऐकू आली. तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत आणि माझा हात मांडीवर ओढून घेतलात. तळव्यावर बोट फिरायला लागलं. एक बाजू, थांबलं, वळलं. दुसरी. तिसरी. चौथी. मग तिरपं. मग कडेची बाजू परत.

तिथे बोट थांबलं. तिथेच थांबणार हे मला ठाऊक होतं. मी खुर्ची सरकायची वाट बघत होते. तुमचं बोट त्या कोपऱ्यात बराच वेळ तसंच राहिलं, थंडगार. आणि मग ते निघालं. सावकाश, तळव्याच्या मधोमध आलं, पहिली तिरपी रेघ ओलांडली आणि पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेलं. फुली पुरी झाली. तुम्ही डोळे उघडलेत, पण माझ्याकडे पाहिलं नाहीत, आणि वरण उतू जाईल असं म्हणून उठलात.

बसमध्ये मी तो प्रश्न सोडवायला घेतला. शेवटचा कर्ण कुणी पुरा केला? विधान एक: तो आवाज आजवर त्या कोपऱ्यापुढे कधीच गेला नव्हता. विधान दोन: तुमचं बोट पुढे गेलं. आई त्या संध्याकाळी पुढे गेली आणि तुम्ही जे ऐकलंत ते माझ्या हातावर काढलंत, असं असू शकतं. किंवा त्या संध्याकाळी तुम्हालाही काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारी बसलेल्या पोरीची तुम्हाला कीव आली आणि तुम्ही मनानेच सगळं काढलंत, तिचं राहिलेलं सुद्धा, असंही असू शकतं. मी गावं मागे पडेपर्यंत विचार केला. एकट्या पहिल्याने भागत नाही, एकट्या दुसऱ्याने भागत नाही, दोन्ही मिळूनही भागत नाही. या पर्यायावर खूण करताना मला आजवर नेहमी हरल्यासारखं वाटायचं.

बाबांना सांगा, माझी परवानगी आहे. शिंप्याला महिनाअखेरीपर्यंत थांबवू नका, उद्याच बोलवा. मशीन घरात राहिलं तर एखाद्या संध्याकाळी तुम्ही कान द्याल. आवाज पुन्हा त्या कोपऱ्यात येऊन थांबला, तर उत्तर कळेल. कधीच आला नाही, तरी कळेल. मला ते कळायला नको आहे. मी विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका, आणि मशीन गेल्यावर आपल्या दोघींनाही ते शोधता येऊ नये.

तुमचं बोट त्या कोपऱ्यातून पुढे निघालं तेव्हाच माझ्या मनात हे सगळं येऊन गेलं होतं. हात मी काढून घेतला नाही.

लोभ आहे, तो मला दिसला. असाच राहू द्या.

तुमची,
ठकी