पिवळ्याच्या पोटात जांभळा

१३ जाने., सोम.
कल्याणहून आत्ता आलो. नात साडेतीन महिन्यांची झाली, अजून नजर धरत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी फिरवली, लाल चेंडू फिरवला. सईचे डोळे आपले कुठंतरी वर, पंख्याच्याही पलीकडे. बाई म्हणाल्या, काही बाळांची नजर उशिरा लागते. महिनाभर थांबू, नाही लागली तर मोठ्या तपासण्या. तोवर ठळक रंग दाखवा, फिकट काही नको.
मनीषा, माझी लेक, बाळंतपणाला आली ती अजून इथंच सापगावला आहे. घरात शिरताना म्हणाली, "बाबा, तिनं मला अजून बघितलंच नाय."
मी चपला काढतच राहिलो.

१४, मंगळ.
संक्रांत. तिळगूळ खाल्ला, गोड लागला नाही.
सईच्या आजूबाजूला ठळक काय आहे ते शोधत बसलो. काही नाही! झोळी सौ.च्या जुन्या साडीची, दुपटी जुन्या साड्यांची, टोपडं माझ्या जुन्या सदऱ्याचं. धुऊन धुऊन सगळ्यांचा रंग एकच, भांडी विसळलेल्या पाण्याचा. आमच्याकडे रीतच ती. तान्ह्या पोराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, घरच्यांनी वापरून मऊ केलेलं लावायचं. रीत चांगली आहे. पण त्या रीतीत पोरीला बघायला आम्ही काय ठेवलं?
ठरवलं. छोटी गोधडी शिवायची. दोन फूट बाय दोन फूट. रंग असे की आंधळ्यालाही
(खोडलं. असलं लिहू नये.)

१७, शुक्र.
शहापूरच्या माझ्या शिलाईच्या दुकानात आज अजब प्रकार. शाळेच्या मुलींचे लाल पट्टे शिवत होतो. मशीनच्या दिव्याखाली बराच वेळ नजर एका पट्ट्यावर. मग शेजारच्या पांढऱ्या मांजरपाटाकडे बघितलं तर तिथं हिरवा पट्टा! फिकट, तरंगणारा, मोरपिसाकडे झुकणारा हिरवा. डोळे चोळले, विरला. पुन्हा लालकडे बघत वीस आकडे मोजले, पुन्हा पांढऱ्यावर. पुन्हा हिरवा.
चाळीस वर्षं हे दिसतंय मला. वाटायचं नंबर वाढला. त्यापायी चष्मेवाल्याला दोनदा शिव्या घातल्यात.
मग नादच लागला. राणी रंगाची चिंधी बघितली, पोपटी उमटला. नारिंगी बघितली, आकाशी. हळदीसारखी पिवळी बघितली, तर मांजरपाटावर जांभळा निळसर ढग. कापड पांढरंच होतं हो! जांभळा आला कुठून? माझ्यातूनच ना. दुपारचा डबा खायचा राहिला. दारात गिऱ्हाईक येऊन उभं, आणि मी भिंतीकडे तोंड वासून.

१८, शनि.
ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर पँट न्यायला आले. त्यांना भीत भीत सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, "हे पूरक रंग. एकाकडे बघून डोळा थकला की दुसरा मागतो. शेजारी ठेवून बघा, दोघंही पेटतात." एकमेकांच्या अगदी उलट, आणि नाव पूरक. म्हणजे मी आणि सौ.
शिंप्याचं सगळं आयुष्य मॅचिंगमध्ये जातं. दोरा कापडात बुडाला पाहिजे, दिसला की काम वाया. आता उलटं करायचं. पिवळ्याला जांभळा कुठला, हे पुस्तकात बघायला नको. डोळाच सांगतो.
सईचा डोळा सांगत असेल का? हे मनात आलं आणि कात्री खाली ठेवली.

२१, मंगळ.
फजिती. दुकानातल्या नव्या चिंध्या घेऊन मशीनवर एका बैठकीत गोधडी शिवली. पिवळा चौकोन, जांभळा चौकोन, पिवळा, जांभळा. इंचाला बारा टाके, सगळे सरळ. मी खूश. घरी आणून सौ.पुढे अंथरली.
तिनं बोटांनी चाचपली, ताठ लागली. "ही गोधडी हाय का कॉलर?" मग जरा लांब धरली. "अवो, ह्याच्याकडं बगून मला गरगरतंय. सगळं नाचतंय नुसतं." खरं होतं. दोन्ही रंग सारखेच मोठे, दोघंही ओरडतात, नजर ठरायची कुठं?
आणि शेवटी मुद्दा आलाच. "नवं कापड पोरीच्या अंगाला नाय लावू देणार मी."
म्हटलं, डॉक्टरांनी ठळक सांगितलंय, तुझ्या जुन्या साड्या बघून माझ्याच डोळ्यांना काही दिसत नाही. ती उठून आत गेली. त्या साड्या तिनं नेसून मऊ केलेल्या. जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला.

२६, रवि.
मुरबाडला आक्कांकडे. सौ.ची थोरली बहीण. सत्तरी ओलांडली, सगळ्या आळीच्या गोधड्या ह्यांच्या हातच्या. आता दिसतं कमी, बोटांनी शिवतात. गेलो होतो त्यांच्याकडून सौ.ला दोन शब्द सुनावायला. आक्कांनी माझ्या गोधडीची घडी उलगडली नि माझ्याच अंगावर टाकली.
"भावजी, रंग पायजे ना? मंग फॉल उसवा की."
"कसला फॉल?"
"साडीचा वो! तिच्या पिवळ्या साडीचा, जांभळ्या साडीचा. साडी वरनं जुनी व्हते, आतनं नाय. फॉलाखाली ना ऊन जात, ना घासटण."
हात टेकले! शहापुरात निम्म्या साड्यांना फॉल मी लावले. शेकड्यांनी. काखेत कळसा आणि मी मुरबाडपर्यंत वळसा घालून आलो.
निघताना म्हणाल्या, "आनि सारखं सारखं नका वाटू. एक रंग परातभर, दुसरा चिमूटभर. भाजीत मीठ घालतांव तसा." म्हटलं, आक्का, तुम्हाला दिसत नाही तरी कळतं कसं? "साठ वर्सं बगितलंय ना. ते कुटं जातंय?"

२७, सोम.
सौ.ची जांभळी साडी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची. आता राखाडी म्हटली तरी चालेल. ब्लेडनं फॉल उसवायला बसलो, सौ. समोर भिंतीला टेकून. अजून रुसलेली. टाके माझेच होते, ओळखले.
फॉल ओढून काढला, काठ उलटा केला.
काय लिहू. पाच बोटं रुंद, तीन मीटर लांब, जांभळा. कारळ्याच्या पिवळ्या फुलांच्या शेजारी तेरडा फुलतो तसा गर्द जांभळा. शेजारी साडीचा वरचा रंग मेलेला आणि हा तसाच, जणू दुकानातून कालच आणला. बाजूलाच होता इतकी वर्षं. तिच्या पावलांपाशी.
सौ. पुढं सरकली. बोट फिरवलं. "असा व्हता व्हय हा?"
स्वतःच्या साडीचा रंग विसरली होती. मीही. मला एकदम ती दिवाळीची दिसली, दारात उभी. म्हटलं, त्या दिवशी बोललो ते चुकलं. ती म्हणाली, "पिवळीचा उसवा आता. दिवा लागायची येळ झाली."
पिवळीखाली हळद. तीही तशीच. दोन्ही पट्ट्या मांडीवर घेऊन आम्ही दोघं येड्यासारखे बसलो. मनीषा सईला घेऊन आली नि म्हणाली, "काय झालं? रडताय कशापायी?" कोणी रडत नव्हतं. असलोच तर मी.

३० जाने., गुरु.
मशीनला हात लावायचा नाही, सौ.चा हुकूम. हातानं धावदोरा. आत तिच्या सुती लुगड्याचे तीन थर, वर पिवळ्याचे तुकडे जोडून एकच मोठं मैदान. मधोमध जांभळा, हातावर मावेल एवढाच.
ठेवून बघितला. आई गं. दुरून बघितलं तर जांभळा कापडावर नाहीच, कापडाच्या पुढे आलाय. जवळ जाऊन चाचपावा लागला. पिवळाही कालच्यापेक्षा जास्त पिवळा. रंग तेच, कापड तेच, नुसती जागा बदलली.
माझे टाके बघून सौ. खूप हसली. "टेलर हाय म्हणे." हातशिलाईची सवय गेलीय. बोटाला तीनदा सुई.

३ फेब्रु., सोम.
एका कडेनं ती, एका कडेनं मी. बाहेरून आत, चौकोनामागून चौकोन. जांभळा दोरा पिवळ्यावर. दोरा दिसतोय! प्रत्येक टाका उघडा, वाकडा असला तर वाकडा. आधी लाज वाटली. आता त्या ओळींकडे बघत राहावंसं वाटतं, भाताची लावणी केल्यासारख्या. तिच्या ओळी कुठल्या, माझ्या कुठल्या, लगेच कळतं. राहू दे.
जावई आसनगावहून आले. चहा घेतला, गोधडी बघितली, म्हणाले, "ऑनलाइन पण मिळतात बाबा, बाळांना दाखवायची अशी रंगीत कार्डं." मग परत एकदा बघितली, टाक्यांवरून बोट फिरवलं. जाताना सईच्या कानाशी काहीतरी बोलले.

७, शुक्र.
पुरी झाली. चार कोपऱ्यांना चार जांभळी त्रिकोणी फुलं, ती सौ.ची.
झोळीसमोर धरली. मनीषा ओरडली, "बगितलं! बाबा, तिनं बगितलं!" सौ. म्हणाली, व्हय, मान वळली. मी गोधडी धरून उभा, मला फक्त मागची बाजू दिसत होती. पुन्हा धरली. सई जांभई देऊन झोपली.
मनीषाच्या ओरडण्याकडे वळली असेल. तसं म्हणालो नाही. मनीषा आज दोन भाकऱ्या जेवली.

९, रवि.
उद्या कल्याण. बाईंनी दिलेली तारीख तीच.
सकाळी मनीषा आंघोळीला, सौ. मागे चुलीपाशी. सई पाठीवर, जागी, पाय मारत होती. मी शेजारी जमिनीवर आडवा झालो, तिच्या उंचीला डोकं ठेवून. गोधडी दोन्ही हातांनी वर धरली. एक शब्द नाही. आवाजाकडे वळली असं कोणी म्हणायला नको.
पाय थांबले.
डोळे वर गेले ते आढ्याला गेले नाहीत. मधेच राहिले. मान जवळ नेऊन बघितलं. इतक्या जवळून तिचे डोळे मी कधी बघितलेच नव्हते. काळेभोर, ओले, आणि दोन्ही बाहुल्यांत एकेक इवला पिवळा ठिपका. सौ.च्या पावलांपाशी इतकी वर्षं दडलेला रंग तिथं जाऊन बसला होता. आत पोचला की नुसता वरच राहिला, ते मला कसं कळावं? पण काय ते डोळे! देवानं हे एवढंसं घडवताना टाका कुठं घातला असेल?
आता फक्त गोधडी डावीकडे सरकवायची. डॉक्टरीणबाई करतात तसं, हळू. डोळे मागून आले तर नजर लागली. नाही आले तर?
हात वर धरून दुखायला लागले. मागून सौ.ची हाक आली, चहा गार होतोय. मनीषा बाहेर आली, दारात थांबली, ओल्या केसांनी.
सई बघत होती. पिवळ्याकडे, नाहीतर कुठंच नाही.
मी गोधडी हलवली नाही.