रुचिला आवाज येतो

मु. तिरोडा, जि. गोंदिया

तीर्थरूप खेमराज भाऊजींच्या पायांवर भैय्यालालचं डोकं. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत (मी जरा कमी). तिकडे अर्जुनी मोरगावला तुमची आणि गिरजाताईची तब्येत कशी आहे ते अगत्याने कळवावं.

ऑपरेशननंतर नागपूरच्या दवाखान्यात रुचिला पाहायला आलात तेव्हा तुम्हाला परतीची गाडी धरायची होती, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. या उन्हाळ्यात पोरगी तांब्याभर पाणी प्यायली की डाव्या कुशीत कळ यायची, उलटी व्हायची, आणि ती म्हणायची, "बाबा, पोटात तळ्यावानी बोडी भरून राहिली. मले आवाज येते." तिच्या आईने, शामकलाने, निदान केलं, कच्चे आंबे. मी केलं, आठवीचं गणित (पोरगी माझ्यावर गेली आहे हे तुम्ही जाणताच). शेवटी शेजाऱ्यांनी झाडफूक करणाऱ्या केवळरामला आणलं. त्याने मंतरलेलं पाणी दोन तांबे पाजलं, आणि व्हायचं तेच झालं, पोरगी कळवळून आडवी पडली. भूत कुठे बसलं आहे ते ऐकायला केवळरामने तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग उठला, लिंबू माझ्या हातात ठेवलं आणि हळूच म्हणाला, "हे माह्या कामाचं नाही. आत कोणी तरी घागर बुडवून राहिलं." चपला न घालताच गेला. मी त्याच दिवशी गोंदियाला तिची सोनोग्राफी करवली. डावी किडनी फुगलेली निघाली.

नागपूरच्या डॉक्टरांना मी धानवाला आहे असं सांगितलं, तर त्यांनी कागदावर बोडीच काढून दाखवली. किडनी म्हणजे बोडी, खालची लघवीची नळी म्हणजे पाट, आणि त्या पाटाचं तोंडच हिचं जन्मापासून अरुंद. पाणी उतरत नाही, बोडी फुगते, उशीर केला तर किडनी जाते. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण वर न्यायची, लेझरने ते तोंड आतून कापून मोकळं करायचं, आणि जखम भरेपर्यंत सहा आठवडे आत एक मऊ नळी ठेवायची. पोटावर चिरा नाही. पोटाला छिद्रं पाडून करतात त्या ऑपरेशनला यश जास्त येतं, हेही त्यांनी लपवलं नाही. पण हिचा अडथळा छोटा होता, म्हणून दुर्बिणीचंच ठरलं. मी विचारलं, लग्नात डीजेवाल्याजवळ असते तेच लेझर काय? डॉक्टर म्हणाले, "त्याचंच शिकलेलं भावंड." मी सही केली, ती माझी मलाच ओळखू येईना.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी रुचि उशीला टेकून बसली होती. चेहरा निवळला होता. म्हणाली, "माह्या आतलं चूप झालं, बाबा." मी देवाला हात जोडतो न जोडतो, तोच ती समोरच्या खाटेकडे पाहू लागली. तिथे तापाने आलेली खुशी नावाची सहा वर्षांची पोर झोपली होती. रुचि म्हणाली, "तिचं पाणी अडलं हाये. उजव्या बाजूनं." मी दटावलं. नर्सबाई हसल्या. संध्याकाळी खुशीची सोनोग्राफी झाली आणि उजवी किडनी फुगलेली निघाली.

मग नर्सबाई हसल्या नाहीत. त्या नाडी पाहायच्या निमित्ताने येऊन रुचिच्या शेजारी उगाच उभ्या राहू लागल्या. झाडूवाला उभा राहिला. कॅन्टीनवाला चहा घेऊन आला आणि कूस तिच्याकडे करून थांबला. डॉक्टर म्हणाले, "योगायोग आहे." असं म्हणून पाऊलभर मागे सरकले आणि राऊंड लवकर आटोपला. मला हसू येत होतं, भाऊजी, आणि हातावरचे केस उभे होते.

आता घरी सगळं छान आहे. पोरगी पोटभर पाणी पिते. पुढच्या महिन्यात नळी काढायची आहे, ते दहा मिनिटांचं काम आहे म्हणतात. थोरामोठ्यांना नमस्कार, लेकराबाळांना गोड पापा.

तुमचा साळा,
भैय्यालाल

ता. क. फोन केला असता, पण तुमचा फोन गिरजाताई उचलते. हे पत्र तिला दाखवू नका.

ता. क. २. त्या दिवशी तुम्ही रुचिच्या खाटेवर बसून केळं सोललंत, "मी जन्मात डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही" म्हणालात आणि गेलात. तुम्ही गेल्यावर तिने ते केळं खाल्लं नाही. मी काऊन म्हणून विचारलं, तर तुमच्याबद्दल म्हणाली, "फुफाजीले तपासून घ्यायले सांग." तेव्हा हात जोडतो, सोमवारी गोंदियाला या. मी स्टेशनवर उभा राहतो.

ता. क. ३. वरचं सगळं आत्ता रुचिला वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा, फुफाजीचं पाणी अडलं असं समजू नको. तो आवाज पाण्याचा नव्हता." मी विचारलं, मग कायचा? ती उठून आईजवळ जाऊन बसली आहे. भाऊजी, सोमवारची वाट पाहू नका, पत्र हाती पडताच निघा.