फॅनचा आवाज कसा आहे ते कळव

३ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उत्तर पत्रानंच द्यायचं हा तुमचा हट्ट मी पाळते, पण त्यापायी वसतिगृहात माझी चेष्टा होते. दर गुरुवारी आपल्या मालाचा ट्रक फाटकाशी थांबतो, ड्रायव्हरकाका खिडकीतून लिफाफा देतात आणि वरच्या मजल्यावरून मुली विचारतात, राजाचा खलिता आला का म्हणून. मी फोन केला की तुम्ही दोन वाक्यांत तो मामीच्या हातात देता. कारखान्यात आवाज असतो म्हणता. रविवारी कसला असतो?

असो. काम असं आहे की या सत्रापासून कॅड सुरू झालं. आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर. नुसत्या रेघा मारून भागत नाही. एकेक भाग घडवायचा, दुसऱ्यात बसवायचा, फिरवून बघायचा. सत्राच्या शेवटी एक पूर्ण यंत्र जोडून दाखवायचं आहे, आणि वर्षाचे निम्मे गुण त्यावर आहेत. कॉलेजात साठ जणांना बावीस कॉम्प्युटर, त्यातले चार कायमचे आजारी, आणि संध्याकाळी सहाला कुलूप.

चौकशी केली. सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट आहे. लॅपटॉपला मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं, मेमरी सोळा हवी आणि पुढे वाढवायला जागा हवी. असा नवा घ्यायचा तर आपण ठरवलं होतं त्याच्या दुप्पट पैसे लागतात. ठरवलेल्या पैशांत जो नवा येतो तो वहीसारखा पातळ आणि देखणा असतो, पण शंभर भागांची जोडणी उघडली की मान टाकतो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे तसलाच आहे. ती त्याला नवरदेव म्हणते.

राहता राहिले कंपन्यांनी वापरून काढलेले जाडजूड लॅपटॉप. ते आपल्याला परवडतात. पण वापरलेलं मशीन पारखायला माणूस हवा, आणि मला असा एकच माहीत आहे.

मामीला नमस्कार. कारखान्यातल्या मिस्त्रींना सांगा, पेन्सिल मी अजून त्यांच्यासारखी चाकूनंच तासते.

लोभाची आणि लॅपटॉपची वाट बघणारी,
फुटपट्टी

---

१७ जुलै

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद. उंचीला आणखी नकोत, बाकी सगळ्याला लागू.

रविवारी कसला आवाज असतो म्हणून विचारतेस. रविवारी तुझी मामी घरी असते.

लॅपटॉप घेतला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जण कंपन्यांचे जुने लॅपटॉप पोत्यानं उचलतो आणि पुसूनपासून विकतो. मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. ते दारातच थांबले. म्हणाले, ज्याला वंगण लागत नाही त्यातलं मला काही कळत नाही. दुकानदारानं आकडे म्हणायला सुरुवात केली. मी त्याला पुरतं बोलू दिलं. बोलणारा माणूस दमला की त्यानंतर जे बोलतो ते खरं असतं. तो दमला आणि म्हणाला, हा एक आहे, पण जड आहे म्हणून मुलं घेत नाहीत. मी म्हटलं, तोच काढ. हलका लेथ लोखंड कापताना थरथरतो, हे मला तीस वर्षांपूर्वी कळलं आहे.

माझा पहिला लेथ भंगारातला. विकणाऱ्याला वाटलं तो मेला आहे. मी कान लावला, बेअरिंग शाबूत असल्याचं मला ऐकू आलं, त्याला आलं नाही. त्या फरकावर आपलं घर उभं आहे. आजही बाजारात कोणी जुनं मशीन घ्यायला निघालं की आधी मला कान लावायला नेतात.

तुझी यादी एकेक करून दाखवून घेतली. कार्ड आहे, मेमरी आहे, वाढवायला जागा आहे. मग अर्धा तास एक भलं मोठं ड्रॉइंग गरागरा फिरवायला लावलं. तळ तापला तेव्हा उचलून कानाशी धरला. गप्प. दुकानदार काही तरी बोलणार होता, मी हातानं थांबवलं. कान लावताना मला मध्ये बोललेलं चालत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि न मागता किंमत उतरवली.

दोन रजयांत गुंडाळून ट्रकनं पाठवतो आहे. चांगला तापेपर्यंत चालव आणि फॅनचा आवाज कसा आहे ते कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, एवढं लिही. कुणाची भीड ठेवत नाहीस म्हणून तर तुझं नाव फुटपट्टी.

लोभ आहेच, आणि तो वापरलेला नाही.
मामा

---

२४ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

लॅपटॉप पोचला. एवढा जड आहे की जिना चढताना एका मुलीनं विचारलं, शिलाई मशीन आहे का. शंभर भागांची जोडणी कुरकुर न करता उघडली. ते बघून शेजारचा नवरदेव लाजून बंद पडला. सरांनीही विचारलं की कोणी निवडून दिला. मी सांगितलं, आमच्या घरी एक कान आहे.

फॅनचं विचारलंत. अजिबात आवाज नाही. चालू आहे की नाही हे बघायला हात लावावा लागतो.

मिस्त्रींना सांगा, याला वंगण लागत नाही पण पुसावं रोज लागतं.

लोभ वाढता ठेवा, मेमरीसारखा.
फुटपट्टी

---

२४ जुलै

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम टपालानं, घरच्या पत्त्यावर. वाचून फाडून टाक.

लॅपटॉप चांगला आहे, मामांनी निवडला तो बरोबरच निवडला. पण त्याचा फॅन किंचाळत होता. तापला की असा बारीक, दातांतून जाणारा आवाज यायचा की मैत्रीण उशी घेऊन बाहेर निघून गेली. दुरुस्तीवाल्याकडे नेला. मी काउंटरवर ठेवून चालू केला, तेवढ्यात तो उघडायच्या आधीच म्हणाला, बेअरिंग गेलंय. आणि हसत विचारलं की घ्यायला बहिऱ्या माणसाला पाठवलं होतं का. मीही हसले. परत येताना मला रविवारचे फोन आठवले.

मामी, मामांना ऐकू येत नाही का? फोन तुझ्या हातात देतात ते त्यासाठीच ना?

पुस्तकांच्या पैशांतून नवा फॅन बसवून घेतला. आता खरंच आवाज नाही, म्हणजे मी त्यांना जे लिहिलं ते आजच्या तारखेला खोटं नाही. दुसरं काही लिहायला हात धजेना. त्यांचा कान म्हणजे त्यांना काय आहे, ते तुला माझ्याहून जास्त माहीत. तूही बोलू नकोस. सुट्टीत आले की आपण दोघी मिळून, काही तरी निमित्त काढून, त्यांना डॉक्टरकडे नेऊ.

तुझा लोभ आणि तुझं गुपित, दोन्ही असू दे.
फुटपट्टी

---

७ ऑगस्ट

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. फॅनची ओळ तीनदा वाचली. मामीलाही वाचून दाखवली, तर ती उठून आत गेली. तिला माझं कौतुक फार वेळ सोसत नाही.

बरं झालं वेळेवर लिहिलंस. मिस्त्री गेला महिनाभर मागे लागले आहेत की मोठ्या प्रेसचा क्लच ठोका संपताना चिरकतो. मोठा प्रेस म्हणजे तोच, जो एका ठोक्यात पत्र्याची वाटी करतो आणि ज्याच्याजवळ मी तुला कधी फिरकू दिलं नाही. त्याचा क्लच घसरला तर पेडलवर पाय नसतानाही ठोका पडतो. म्हणून ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मी दोनदा कान लावला, चौकटीवर हात ठेवून पाहिलं. मला काही सापडेना. मिस्त्री म्हणतात आहे, मी म्हणतो नाही, असा घोटाळा होऊन बसला होता.

तुझ्या पत्रानं तो मिटला. मी मिस्त्रींना म्हटलं, वय झालं तुमचं, भुंगा मशीनमध्ये नाही, तुमच्या डोक्यात आहे. ते म्हणाले, मालक तुम्ही, कान तुमचा. मोठी ऑर्डर हातात आहे, महिनाअखेरपर्यंत प्रेस थांबवणार नाही. त्यानंतर त्यांच्या समाधानासाठी उघडून बघू.

तुझ्या शेवटच्या ड्रॉइंगला कोणतं यंत्र घेणार आहेस? आपल्याकडचं एखादं घे, मापं मी देईन.

लोभ ठेव, जड वस्तू जपून उचल.
मामा

---

१४ ऑगस्ट

चि. बाळ,
आशीर्वाद.

फोन करणार होते. पण तुझा आवाज ऐकला असता तर मला पुढचं सांगता आलं नसतं. उद्या ट्रक येणार नाही, म्हणून टपालानं लिहिते.

काल सकाळी मोठ्या प्रेसवर मिस्त्रींच्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा राहिला. तयार झालेली वाटी काढायला त्यांनी हात आत घातला होता, पाय पेडलवर नव्हता. ठोका आपोआप पडला. त्याआधी मशीन चिरकल्याचं शेडमधले सगळे सांगतात. रस्त्यापलीकडच्या दुकानदारानंही ऐकलं. तुझे मामा तीन पावलांवर होते, पाठमोरे, माप घेत. मिस्त्री ओरडले तेही त्यांना ऐकू गेलं नाही. कोणी तरी खांदा धरून वळवलं, तेव्हा वळले.

मला दोन वर्षांपासून माहीत आहे. दाराची घंटा वाजली की मी मोठ्यानं म्हणते, कोण आलं असेल बरं, म्हणजे त्यांना उठता येतं. मिस्त्रींनाही माहीत होतं, ते आज त्यांच्या बायकोकडून कळलं. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांना तोंडावर कसं सांगायचं, असं ते घरी म्हणायचे. तू, मी आणि मिस्त्री. तिघांनी त्यांना फार जपलं.

तुझं पत्र मी फाडलं नव्हतं. आज त्यांच्यापुढे ठेवलं. वाचून झाल्यावर त्यांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं.

वेळेवर जेवत जा. माझ्यावर राग धरू नकोस.
मामी

---

१७ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं सात तारखेचं पत्र मला आठ तारखेला मिळालं. त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की प्रेस बंद करा, मिस्त्री खरं सांगताहेत, फॅन किंचाळत होता आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. पाकिटावर पत्ताही घातला होता.

ते पत्र सहा दिवस माझ्या वहीत होतं. मी स्वतःला सांगत होते की पंधराला ट्रक येईल, त्यानं देऊ. टपालपेटी वसतिगृहाच्या फाटकासमोर आहे. मामीला फोन करायला एक मिनिट लागलं असतं. तुम्ही वाचाल तेव्हा तुमचा चेहरा कसा होईल, एवढाच विचार मी ते सहा दिवस करत होते. मिस्त्रींच्या हाताचा केला नाही.

ते पत्र सोबत जोडलं आहे. आता त्याचा उपयोग नाही.

लोभ मागायला तोंड नाही.
फुटपट्टी

---

२ सप्टेंबर

चि. फुटपट्टीस,
आशीर्वाद, नेहमीइतकेच. मोजून बघ.

मिस्त्री घरी आले. डाव्या हातानं चमचा धरायला शिकताहेत. मी भेटायला गेलो तेव्हा ते काही तरी म्हणाले, मला कळलं नाही, मामीनं कागदावर लिहून दिलं. म्हणाले होते, अंगठा राहिलाय, म्हणजे मालकांना ठेंगा दाखवायची सोय आहे. मी हसावं म्हणून बोलले. मी हसलो. मग बाहेर येऊन त्यांच्या पायरीवर बसलो. त्यांचा पगार जिवात जीव आहे तोवर चालू राहील. त्यानं बोटं येत नाहीत, हे मला कळतं.

कान तपासून घेतला. तिथल्या बाईंनी कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. मी बसून राहिलो. म्हटलं, अजून सुरू व्हायचं असेल. त्यांनी हेडफोन काढून कागद पुढे केला, तेव्हा कळलं की संपलं होतं. जाड आवाज थोडे उरले आहेत. बारीक सगळे गेले.

आता तुला एक सांगायचं आहे, जे मामीलाही सांगितलेलं नाही. चांगला फॅनसुद्धा वाऱ्यासारखा थोडा वाजतो, एवढं मला कळतं. त्या दिवशी कानाशी मला तेवढंही ऐकू आलं नाही. दुकानदाराचा चेहराही मी पाहिला होता. तरी घेतला आणि तुझ्याकडे पाठवला. मामी मला दुखवणार नाही, मिस्त्री मान राखणार. तू सहा वर्षांची या घरात आलीस त्याच दिवशी मला सांगितलंस की माझी मिशी एका बाजूला आखूड आहे. मी मोजली, होती. म्हणून माप घ्यायचं काम तुला दिलं. मनाशी ठरवलं होतं की पोरीनं लिहिलं आवाज आहे, की त्याच दिवशी प्रेस थांबवायचा आणि बाजारात सांगून टाकायचं की माझा कान गेला.

तू लिहिलंस आवाज नाही. मला इतकं बरं वाटलं होतं की आता त्याचीच लाज वाटते.

पण हे नीट वाच. मिस्त्री महिनाभर तोंडानं सांगत होते. खरं माप माझ्यासमोर उभं होतं, आणि मला ते नको होतं म्हणून मी दुसरं मागवलं. पट्टी वाकली असेल तर ती माझ्याच लाडानं वाकली. यातला वाटा मागू नकोस, ही काही वडिलोपार्जित जमीन नाही.

प्रेस बंद आहे. तुझ्या शेवटच्या ड्रॉइंगला तोच घे. मापं सोबत पाठवतो. त्याला पुढून जाळी दे, अशी की ती वर उचललेली आहे तोवर ठोका पडूच शकणार नाही, क्लच घसरला तरीही. इशाऱ्याला दिवा दे, घंटा नको. ड्रॉइंग मिस्त्री तपासतील. मी त्यांना सांगून ठेवलं आहे की चूक दिसली तर कुणाचाही मान राखू नका. ते डाव्या हातानं खुणा करतील, रेघा वेड्यावाकड्या येतील. समजून घे.

तुझं ते सहा दिवसांचं पत्र मी खिशातल्या पत्राशेजारी ठेवलं आहे.

कळावे. लोभ थोडा कमी झाला तरी चालेल. खरं तेवढं लिहीत जा.
मामा