चारही खाचा

३ नोव्हेंबर
जुन्या मदरबोर्डाने शेवटी मान टाकली. नवा आणला, तर जुनी रॅम त्यात बसेना, कटच वेगळ्या जागी. म्हणजे रॅमही नवी.
अविला पुण्याला फोन लावला. एरवी बापलेकाचं ‘जेवले का, दवा घेतली का’ इथेच संपतं. आज चांगला अर्धा तास बोलला. मी मराठीत, तो हिंदीत, नेहमीसारखं; इकडच्या हिंदी मुलखात वाढला ना. "बाबा, ६४०० वाली लेना. मस्त चलेगी."

५ नोव्हें.
वाचून राहिलो. वेग म्हणजे टोले किती भराभर पडतात. सीएल म्हणजे मागितल्यावर पहिला घास ताटात पडेपर्यंत किती टोले थांबायचं. मग नुसता वेग काय चाटायचा? खरे टोले छापील आकड्याच्या निम्मेच, तसे धरून भागाकार केला. ६४०० ला सीएल ४०, म्हणजे साडेबारा नॅनोसेकंद. ६००० ला ३०, म्हणजे दहाच. मोठ्या आकड्याचीच मंद निघाली!
एकटाच हसलो. अविची आई, सुमन, असती तर समजलं नसतं तरी "हो का!" म्हणाली असती. स्वयंपाकाला येणाऱ्या बिसाहिनला सांगितलं. "हव बाबूजी," म्हणे, अन् कणीक मळत राहिली.

७ नोव्हें.
सदर बाजारामागच्या दुकानात गेलो. "अंकल, सब ६४०० ले जा रहे हैं." म्हटलं, भैया, मुझे छोटा नंबर चाहिए, सीएल ३०. "पहला ग्राहक देखा जो छोटा माँगता है!"
रॅमच्या चार पट्ट्या घेतल्या. तो म्हणे दोन बस. बोर्डावर चार खाचा आहेत, दोन रिकाम्या काहून ठेवायच्या? घरात काय कमी जागा रिकामी आहे.

८ नोव्हें.
बसवल्या. स्क्रीन बराच वेळ काळी. नवी रॅम आधी स्वतःच ताळमेळ बसवते म्हणे, बटण दाबायचं नाही. धीर धरला. उजळली! ६०००, सीएल ३०.
कॉलनीतल्या लोकांचे जुने फोटो कॉम्प्युटरवर साफ करून देतो, ते घेऊन बसलो, तर अर्ध्यावर सगळं ठप्प. अविला फोन.

११ नोव्हें.
रोज ठप्प, रोज फोन. ऑफिसातून आला की तोच लावतो. हे करून पाहा, ते करून पाहा. मधेच विचारतो, "बाबा, आई कढ़ी में क्या डालती थी?" मेथीदाणे, म्हटलं. फोडणीत. थोडे.
म्हणजे पोट्टा स्वतः रांधून खातो. मले माहीतच नव्हतं.

१४ नोव्हें.
दोष सापडला. चार पट्ट्यांचं ओझं या वेगाला पेलवत नाही. दोन काढल्या. सकाळपासून तपासणी चालवली, एकही चूक नाही.
अविला कळवणार होतो. तेवढ्यात त्याचाच फोन. "आज कितनी बार अटका?"
दोनदा, म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.
"कोई बात नहीं, कल फिर देखते हैं."

१५ नोव्हें.
आजही खोटंच सांगितलं. खूप बोलला. साहेबाबद्दल, पाठदुखीबद्दल. मी आपला हं हं करत राहिलो.

१६ नोव्हें.
अवि तापलेला. "बोर्ड ही खराब है. दुकानवाले का नंबर दो, उसको झाड़ता हूँ." त्या बिचाऱ्याने तर आधीच दोन घ्या म्हटलं होतं. त्याला कशाला शिव्या?
सांगून टाकलं. राहू दे, दोन पट्ट्या काढल्या. ठीक चालून राहिलं.
"कब निकाली?"
परवा.
"अच्छा. ठीक है बाबा." ठेवला.

२० नोव्हें.
कॉम्प्युटर एकदाही अडला नाही. फोटो संपले. शेजारच्यांचे मागून आणले, तेही संपत आले. फोन नाही. मी लावला तर "मीटिंग में हूँ."

२३ नोव्हें.
सकाळी अविचा मेसेज. "बाबा, ३० पे चल रहा है तो २८ करके देखो. शायद न चले."
दहाचे नऊ पॉइंट तीन होतील. फोटोला फरक कळणार नाही, मला तर नाहीच. गरज काहीच नाही. हे त्यालाही ठाऊक असणार. का नसेल?
केलं २८. स्क्रीन काळी. अजून काळीच. मोबाइल चार्जिंगवरून काढून जवळ ठेवला.
बिसाहिन हाताचं पीठ झटकत डोकावली. "टीवी बिगड़ गे का, बाबूजी?"
म्हटलं, ते अजून ठरायचं आहे.