संघप्रियाच्या पट्टीचा पीळ

आदरणीय तात्याराव दादांस, उमरग्याहून धाकट्या बहिणीचा, पुतळाचा जयभीम.

तुमचे गुडघे कसे हायत? वहिनींचा खोकला गेला, का अजून फ्रीजचंच पाणी पितात? आमी बरे म्हणायचे. फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाय, म्हणून कागद लिहितेय. तुमच्या मुरुम गावाला जाणाऱ्या गाडीत कुणापाशी तरी देते.

संघप्रिया आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसलीय. पुण्याचे मास्तर तिकडून तोंडी परीक्षा घ्यायलेत. पास झाली तर संशोधनाची जागा. दार लावून घेतलंय, म्या उंबऱ्यापाशी बसून हे लिहितेय.

झालं असं, की तिनं मच्छरदाणीच्या जाळीची पोकळ नळी शिवून गोल कडं केलं (बांगडीवाणी, पण मनगटाएवढं जाड) आणि आत साडीच्या फॉलची पट्टी फिरवून तिची कड जाळीला टाचली. म्हणे कड जाळीलाच लागली पाहिजे, मधे कुठं लोंबायची न्हाय. आता माझा जलम परकर शिवण्यात गेला. पट्टीला पीळ दिसला की माझा हात थांबत न्हाय. सकाळी ती न्हायला गेली, तेवढ्यात पट्टीतला अर्धा पीळ दिसला. उसवली, सरळ केली, वरून इस्त्री बी फिरवली.

ती आली, कडं बघितलं आणि भिंतीला टेकली. "आई, तो पीळच माझा अभ्यास हाय. पिळामुळं पट्टीला बाजू एकच, कड बी एकच. तू दोन केल्यास."

म्या म्हणलं, एकाच्या दोन झाल्या तर फायदाच की.

हसली न्हाय. मग म्याच घाईघाईत पीळ घालून परत टाचलं. कडं घेऊन आत पळताना म्हणली, "डावा घातलास का उजवा?"

"घातला," म्हणलं. दार लागलं. तवापासून आठवतेय दादा, आठवत न्हाय. मघा तिचा आवाज येत होता, आता तो बी येत न्हाय.

(तुमी म्हणता ते खरं हाय, जाळीत पट्ट्या अडकवून संसार होत न्हाय. रविवारी तुमी पोरगी बघायला आणणार त्या पाहुण्यांसाठी पोहे आणून ठेवलेत.)

तुमची,
पुतळा

ता. क. बाहेर आली. पीळ उलटाच बसला होता. तिनं मास्तरांना सांगून टाकलं, हे आईनं शिवलंय, ही आरशातली पट्टी. त्यांनी विचारलं, जाळीतल्या जाळीत फिरवून सुलटी होईल का? ही म्हणली, किती बी फिरवा, उसवल्याबिगर होत न्हाय. निकाल पुढच्या महिन्यात.

ता. क. दुसरं. कागद ज्याच्यासाठी लिहिला ते राहिलंच. निकाल काय बी लागू द्या, रविवारी पाहुण्यांना आणू नका. आणलेच तर पोहे मिळतील, पोरगी मिळणार न्हाय.